अहमद मानिकचा डावा पाय

सेमीफायनलच्या हाफटाइमला माझं एकदम तीन माणसांशी भांडण झालं. क्लबच्या अध्यक्षाशी, मासेमारीच्या बोटीच्या मालकाशी आणि नऊ नंबरच्या स्ट्रायकरशी. तिघंही एकच होते. मूसा मानिक. वय सेहेचाळीस, पोट सातव्या महिन्याचं, आणि पोटरीत गोळा आल्यामुळं वाळूत आडवा.

"आता तू बाहेर बस," मी म्हणालो.

मूसानं शरीफाकडं बघितलं. शरीफा माझी दुभाषी. तिच्या खानावळीत मी जेवायचो आणि अख्ख्या बेटावर नीट हिंदी तिलाच यायची. सगळी टीव्हीवरच्या मालिकांतून शिकलेली. त्यामुळं ती साधं 'पाणी आण'सुद्धा सासूनं सुनेला सुनवावं तसं म्हणायची.

"हे मी त्याला सांगणार नाही," शरीफा मला म्हणाली. "माझा नवरा याच्याच बोटीवर आहे."

"मग तुमचं तुम्ही कायतरी सांगा."

ती बराच वेळ बोलली. मूसानं मान डोलावली आणि लंगडत सावलीत जाऊन बसला.

"काय सांगितलंत?"

"कोच म्हणतो, तुझ्यासारख्या मोठ्या माणसानं असल्या फालतू टीमसाठी घाम गाळणं शोभत नाही. बसून हुकूम सोड."

पुढं प्रत्येक वेळी 'शरीफानं सांगितलं' असं लिहीत बसत नाही. मधे ती आहे असं धरून चाला. आणि मालदीवच्या त्या बेटाचं नावही सांगत नाही. बाराशे माणसं, एक शाळा, एक मशीद, दोन मोठ्या बोटी आणि वाळूचं एक मैदान. सगळे अजून जिवंत आहेत आणि माझा फोन नंबर त्यांच्याकडं आहे.

आम्ही एक गोल खाल्ला होता. दोष कुणाचा हे आंधळ्यालाही दिसलं असतं. टूना पकडायची तिथली रीत अशी, की बोटीच्या मागच्या काठावर दहा-बारा गडी हातात बांबू घेऊन ओळीनं उभे राहतात आणि मालक हात करेल तिकडं गळ टाकतात. विचारायचं नाही, थांबायचं नाही. संघातले आठ जण मूसाच्या बोटीवरचे. मैदानातही तेच. मूसानं हात वर केला की बॉल मूसाकडं. मूसा बॉल घालवायचा. मग सगळे थांबून मूसाकडं बघायचे, आता शिवी कुणाच्या वाट्याला येतीय ते कळावं म्हणून. चार महिने मी ओरडून घसा फाडून घेतला होता. ते माझं ऐकायचे, 'हो कोच' म्हणायचे आणि बॉल मूसाला द्यायचे.

"माझ्या जागी घेणार कुणाला?" मूसानं विचारलं.

बाकावर दोघं होते. एक जादा गोलकीपर. दुसऱ्याच्या तळव्यात सकाळीच गळ घुसलेला.

मी गोलपोस्टच्या मागं बोट केलं. तिथं हातात खराटा घेऊन शोहाग मिया उभा होता.

"तो?" मूसा हसला. "तो मैदान झाडतो."

झाडायचाच. शोहाग बांगलादेशातला, बोरिशालकडचा. सत्तावीस-अठ्ठावीसचा गडी, रंगानं आणि अंगानं आमच्या गल्लीत खपून गेला असता. बंदराची भिंत बांधायला ठेकेदारानं एकोणीस माणसं आणली होती. भिंत अर्धी झाली आणि ठेकेदार सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन पळाला. बाकीचे कसेबसे परतले, हा राहिला. मूसानं त्याला मासे उकडायच्या शेडमध्ये झोपायला जागा दिली आणि बदल्यात मैदान झाडायला लावलं. मी रोज पहाटे फिरायला जायचो तेव्हा झाडून झाल्यावर तो वाळूत बॉल ठेवायचा आणि अनवाणी डाव्या पायानं आडव्या दांड्यावर मारायचा. दांड्याला लागून परत पायाशी. पुन्हा दांडा. एकदा मी मोजले, सलग अकरा. सतरा वर्षं पोरं शिकवली, असा पाय मी बघितला नव्हता.

"त्याला कागद नाहीत," मूसा म्हणाला. "स्पर्धेच्या सेक्रेटरीनं पकडलं तर कप सोड, बेटावर दोन वर्षं बंदी."

"तुझा भाऊ अहमद. यादीत त्याचं नाव आहे ना? अकरा नंबर?"

"नाव आहे. तो कुठं आहे? तो तिकडं राजधानीत, मालेत, ऑफिसात. आणि त्याला बॉल आणि नारळ यातला फरक कळत नाही."

"त्याला कोण खेळ म्हणतंय? त्याचं कार्ड खेळेल."

कार्डावर फोटो नव्हता. नाव, बेटाचं नाव आणि एक शिक्का. मूसा माझ्याकडं बघतच राहिला.

"हे तुमच्या इंडियात चालतं?"

"इंडियाचं मला माहीत नाही. कोल्हापुरात मी एका मेलेल्या माणसाच्या कार्डावर अख्खा सीझन राइट बॅक खेळवलाय. त्यानं दोन यलो कार्डंपण खाल्ली."

शरीफानं हे भाषांतर करताना डोळे मिटून घेतले. मूसा पोट हलवत हसला. "कोच," तो म्हणाला, "तू उगाच चार महिने वाया घालवलेस. हे शिकवायचं होतंस की आधी."

म्हणजे अक्कल माझी होती. हे आत्ताच सांगून टाकतो.

शोहागनं मूसाचे बूट घातले. दोन नंबर मोठे. पुढं नारळाचा काथ्या कोंबला. पहिली पंधरा मिनिटं त्याला कुणी पास दिला नाही. अंगाला माशाचा वास मारणारी ही माणसं, पण झाडूवाल्याला पास द्यायचा म्हटल्यावर त्यांचे पाय बाटत होते. मूसा सावलीत बसून हात करत होता आणि आमची पोरं बॉल कुठं मारायचा म्हणून सावलीकडं बघत होती. मग शोहागनं जे केलं ते मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. त्यानं आमच्याच हाफबॅकच्या पायातून बॉल काढून घेतला. त्याला खांद्यानं ढकलला, दोघांना चुकवलं आणि डाव्या पायानं जाळ्यात घातला. दहा मिनिटांनी दुसरा.

लाउडस्पीकरवर ओरडा झाला, "अहमद मानिक! अहमद मानिक!"

अख्ख्या बेटाला माहीत होतं तो कोण आहे ते. रोज त्यांच्या डोळ्यांदेखत झाडायचा. तरी सगळं बेट टाळ्या वाजवत "अहमद मानिक" म्हणत होतं. हजारभर माणसं एकदम खोटं बोलत होती, आणि तीपण तालात.

सामना संपल्यावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस मला भेटायला आला. मालेतल्या मोठ्या क्लबाचा. "तुमचा अकरा नंबर मला पाहिजे," तो म्हणाला. "शुक्रवारी फायनलला कागद घेऊन येतो. पोरगा तयार ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी शोहाग खानावळीच्या मागच्या दाराशी आला. पुढच्या दारानं तो कधी यायचा नाही. शरीफा नारळ खवत होती, मी रोटी आणि टूनाची चटणी खात होतो.

"कोचभाई, एक बोलायचंय," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला.

"बस की."

तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. "मालेचा क्लब परदेशी खेळाडूचे कागद करून देतो म्हणे. व्हिसा, सगळं. खरं?"

"खरं."

"मग त्या माणसाला माझं नाव सांगा. शोहाग मिया. बस, एवढंच. कागद झाले की मी घरी जाऊन येऊ शकतो. आई आजारी आहे. तीन वर्षं झाली, ना जाता येत, ना राहता येत."

"आत्ता सांगितलं तर कप जाईल, शोहाग. आपण सगळेच जाऊ."

"कप झाल्यावर सांगा."

मी रोटीचा तुकडा मोडला. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. आणि मग का कोण जाणे, मी त्याला माझी गोष्ट सांगितली. कोल्हापुरातल्या हौदाच्या तालमीच्या फुटबॉल संघाला मी नऊ वर्षं शिकवलं. गल्लीच्या टीमला तीन वेळा चॅम्पियन केलं. पोस्टरवर 'प्रशिक्षक' म्हणून फोटो कुणाचा? अध्यक्षांच्या मेहुण्याचा. त्यानं शिट्टीसुद्धा उलटी धरली असती. मिरवणुकीत तो जीपमध्ये, हार घालून. मी मागं, बॉलची पिशवी घेऊन. एकदा विचारलं तर अध्यक्ष प्रेमानं म्हणाले, "जालिंदर, तू आपल्यातलाच आहेस रे, पण लोकांना नाव वाचायची सवय असते. आवळे म्हटलं की लोक विचारतात कुठले आवळे." कुठले ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. गावाबाहेरच्या वस्तीतले. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण कॉर्नर चालायचा. म्हणून कोचिंगचा परवाना काढला, परीक्षा दिली आणि ज्या देशानं पहिल्यांदा बोलावलं तिथं निघून आलो. इथं माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'कोच' लिहिलं होतं. मी तो शर्ट घालून झोपायचो. हे शोहागला सांगितलं नाही.

ऐकून तो म्हणाला, "मग तुम्हाला कळतं, भाई."

"कळतं की. शब्द देतो. कप हातात आला की त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो."

शोहाग गेला. शरीफा खवणीवरून मान वर न करता म्हणाली, "शब्द कशाला दिलास? मैदान मूसाचं, बोट मूसाची, तू झोपतोस ती खाटसुद्धा मूसाची."

"शब्द माझा आहे."

"वा," ती म्हणाली. "हीरोच आहेस. मालिकेत असा माणूस चाळिसाव्या भागात मरतो."

शुक्रवारी सकाळी मालेहून स्पीडबोट आली आणि तिच्यातून अहमद मानिक उतरला. खरा. केसांना जेल, अंगाला दहा फुटांवरून येणारं अत्तर, पायात चकाकणारे काळे बूट. धक्क्यावर पाऊल ठेवताना त्यानं आधी रुमालानं बूट पुसले.

"हा कशाला आला?" मी मूसाला विचारलं.

"सही कोण करणार? कागदावर नाव त्याचं आहे."

"खेळणार कोण?"

"कुणीच नाही. एक महिना याचा गुडघा दुखेल. मग क्लबाच्या ऑफिसात चिकटवू. आमच्या आईची इच्छा आहे, पोरगं चांगल्या जागी लागावं."

"आणि शोहाग?"

मूसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला कायम मिठाचा आणि डिझेलचा वास असायचा. "कोच, तुझ्या पुढच्या दोन वर्षांच्या कराराचा कागद मी तयार करून ठेवलाय. तोपण आजच करू. आज सगळ्यांच्याच सह्या."

बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "ग्राउंडवर पाणी मारायला सांग, वाळू उडतीय."

फायनलबद्दल फार सांगत नाही. पलीकडच्या बेटाची टीम आमच्यापेक्षा चांगली होती. त्यांचा कोच शिकलेला होता आणि त्यांचे अकरा जण अकरा माणसांसारखे खेळत होते. मूसा बाहेरच होता, पोटरी बांधून. तो हात करायचा, पण आता आमची पोरं सावलीकडं बघत नव्हती, शोहागकडं बघत होती. कोचला चार महिन्यांत जमलं नाही ते त्यानं आठ दिवसांत केलं. पास न मागता, मधे घुसून, स्वतः घेऊन. ऐंशीव्या मिनिटाला त्यानं पंचवीस यार्डांवरून फ्री किक मारली. बॉल त्यांच्या खेळाडूंच्या भिंतीवरून गेला, वाकला आणि दांड्याखाली पडला. गोलकीपर हललासुद्धा नाही. मी बाकावर उडी मारली, बाक मोडला.

एक-शून्य. शिट्टी झाली. आणि लगेच मूसानं शोहागचा दंड पकडून त्याला चेंजिंग रूमच्या भिंतीमागं ओढत नेला. मी मागं गेलो. अहमद शर्ट काढून उभाच होता. शोहागच्या अंगावरून काढलेली अकरा नंबरची घामानं चिंब जर्सी अहमदच्या डोक्यातून ओढताना ती पोटावर अडकली. "ई," अहमद म्हणाला, "ओली आहे." शोहाग उघडा राहिला. मूसानं कोपऱ्यातला खराटा त्याच्या हातात कोंबला. शोहागनं माझ्याकडं बघितलं. मी 'थांब जरा, सांगतो' अशी खूण केली.

कप मूसानं घेतला. ढोल वाजला. पांढऱ्या शर्टातला माणूस टेबलाशी कागद घेऊन उभा होता. मी त्याच्याकडं निघालो. खरंच निघालो होतो, चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात पलीकडच्या बेटाच्या कप्तानानं टेबलावर मूठ आपटली.

"हा अहमद मानिक नाही!"

टेबलामागं स्पर्धेचे सेक्रेटरी बसले होते. म्हातारा माणूस, शाळेत हेडमास्तर, नाकावर चष्मा दोऱ्यानं बांधलेला. "हाच अहमद मानिक आहे," ते म्हणाले. "मी याला लहानपणी गणितात दोनदा नापास केलाय."

"अहमद मानिक हाच आहे, पण गोल यानं मारला नाही! माझा चुलतभाऊ याच्याच ऑफिसात आहे. सेमीफायनलच्या दिवशी हा मालेत खुर्चीत बसून सुपारी खात होता!"

गलका झाला. दोन्ही बेटांची माणसं टेबलाभोवती गोळा झाली. मूसा म्हणाला सुपारी कुणीही खातं. कप्तान म्हणाला जर्सी याला होत नाही. अहमद म्हणाला, मी दमलोय. सेक्रेटरींनी हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"कोच, तू परका माणूस. तुझं इथं कुणाशी नातं नाही. तू सांग. गोल मारणारा हाच का?"

शरीफानं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज मालिकेतला नव्हता. साधा होता.

मी बघितलं. समोर अहमद, ओल्या जर्सीत श्वास रोखून. त्याच्या शेजारी मूसा, काखेत कप. पांढऱ्या शर्टातला माणूस, हातात पेन. आणि लांब गोलपोस्टमागं शोहाग, उघडा, खराटा धरून.

"हाच," मी म्हणालो.

"लिहून दे."

मी लिहून दिलं. खाली सही केली. जालिंदर तुकाराम आवळे, मुख्य प्रशिक्षक. अक्षर चांगलं आलं.

पण पलीकडचा कप्तान चिवट होता. "लिहिलेलं राहू दे," तो म्हणाला. "बॉल तिथं ठेवा, आणि याला म्हणावं, मार. एकदाच."

लोकांना तर हेच पाहिजे होतं. वाट मोकळी झाली. बॉल पंचवीस यार्डांवर ठेवला. अहमद काळ्या बुटांनी चालत गेला. मागं आला. दोन पावलं धावला. त्याचा उजवा पाय बॉलवर पडला, डावा पाय आभाळात गेला आणि तो पाठीवर आपटला. बॉल तिथंच होता. दोन्ही बेटं एकदम हसली. मूसाच्या बोटीवरचे गडी हसले, शरीफाचा नवरा पोट धरून बसला, लाउडस्पीकरवालाही हसला आणि ते हसू चार भोंग्यांतून बाहेर पडलं. मीही हसलो. काय करणार, हसण्यासारखंच होतं.

"गुडघा!" मूसा ओरडला. "त्याचा गुडघा गेला!"

"सही व्हायच्या आधीच गेला," शरीफा माझ्या कानाशी पुटपुटली.

तेव्हा शोहाग आला. खराटा पोस्टला टेकवून, सावकाश, मैदान झाडणारा माणूस बॉल उचलायला येतो तसा. कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यानं अहमदला हात देऊन उठवलं. बॉलखालची वाळू हातानं सारखी केली. तीन पावलं मागं गेला. अनवाणी.

आवाज तेवढा ऐकू आला. दांड्याचा आतला कोपरा, मग जाळं.

कुणी टाळी वाजवली नाही. पांढऱ्या शर्टातल्या माणसानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. सेक्रेटरींनी चष्मा वर केला आणि शोहागला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"कोच, हा कोण?"

अजूनही वेळ होता. हे मी शंभरदा मोजून बघितलंय. त्यांनी विचारलं आणि मी बोललो, त्याच्या मधे मला श्वास घ्यायला वेळ मिळाला होता. म्हणजे नाव घ्यायलाही मिळाला होता.

"हा?" मी म्हणालो. "हा मैदान झाडतो."

सेक्रेटरींनी शोहागला विचारलं, "खरं? तू झाडतोस?"

शोहागनं माझ्याकडं बघितलं. मी कपाकडं बघत होतो.

"हो," तो म्हणाला. "रोज."

सेक्रेटरींनी एक सुस्कारा सोडला. भरती उतरत होती, त्यांची बोट थांबणार नव्हती. त्यांनी माझा कागद वहीत घातला. "मुख्य प्रशिक्षकानं लिहून दिलंय," ते म्हणाले. "मुख्य प्रशिक्षक खोटं लिहीत नाही." वही मिटली.

नंतर पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगायचो, की मी त्याला वाचवला. नाव घेतलं असतं तर पोलिसांनी त्याला उचलला असता, कागद नव्हते, कोठडीत सडला असता. ऐकणारे मान डोलवायचे. तर्क बरोबर आहे, कुठं फट नाही. फक्त एवढंच की त्या क्षणी यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात दोन वर्षांचा कागद होता आणि तो शर्ट. हौदाच्या तालमीच्या अध्यक्षाला मी नऊ वर्षं मनातल्या मनात आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या. त्यालाही आपण कुणाचं तरी भलंच करतोय असं वाटत असणार. तो झोपतही असणार चांगला. मीपण त्या दिवशी झोपलो, लगेच.

अहमद क्लबात गेला. महिनाभर लंगडला, मग ऑफिसात लागला, आज तिथं मोठा साहेब आहे म्हणे. मी दोन वर्षं राहिलो, आणखी एक कप आणला. मूसानं पुढच्या सीझनला परत नऊ नंबर घातला.

शोहागला मूसानं दुसऱ्याच दिवशी काढला. फार नाव झालं होतं त्याचं, बिननावाचं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर कुणी ठेकेदार माणसं गोळा करत होता, तिकडं जाणाऱ्या मालवाहू बोटीवर त्याला बसवून दिला. मला शरीफानं सांगितलं. माझ्यापुढं ताट आदळून.

"जाऊन ये," ती म्हणाली. "नाहीतर जेवू नकोस."

मी धक्क्यावर गेलो. बोट सिमेंटच्या गोण्या उतरवून मोकळी झाली होती. शोहाग दोराच्या वेटोळ्यावर बसला होता. अंगात कुणाचा तरी जुना शर्ट. मला बघून उठला. तेवढी रीत त्यानं पाळली.

"शोहाग," मी म्हणालो, "माझी अडचण..."

"कळतं, भाई."

"तुझी आई..."

"ती माझी आई आहे, कोचभाई. तिचं मी बघतो."

दोर सोडायला माणूस आला. मला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याकडं काही नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या गावाला ये. कोल्हापूरला. कसंही करून ये. तिथं फुटबॉल म्हणजे काय ते तुला बघायला मिळेल. वीस हजार माणूस येतं. मी तुला खेळवतो. हा माझा शब्द..."

मी थांबलो. तो हसत होता. वाईट नाही, पोरं हसतात तसं, मोकळं.

"खेळवाल?"

"खेळवतो."

"कुणाच्या नावावर?"

इंजिन सुरू झालं. बोट मागं सरकली, वळली, खडकांच्या रांगेतल्या वाटेला लागली. मी हात वर केला. त्यानं केला नाही. त्याच्या दोन्ही हातात सामान होतं, असं मी घरी बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, आणि एकदा सत्काराच्या भाषणातही सांगून टाकलं.

सामान नव्हतं. हात मोकळे होते.